न मरणारीचं नाव

सन दोन हजार तेवीस. मला शहात्तरावं लागलं होतं, आणि घरात पहिली नात आली होती.

ह्या लिखाणात मी माणसांची नावं घालणार नाही. नातीचं तेवढं लिहावं लागेल, कारण सगळं त्याच्यावरूनच झालं. बायकोचं नाव लिहिणार नाही. ते मी जन्मात एकदाच घेतलं, लग्नाच्या दिवशी, माझ्या बहिणींनी दार अडवलं तेव्हा. उखाणा कुणीतरी कानात सांगितला, मी पोपटासारखा म्हटला, सगळे हसले. त्यानंतर पन्नासच्या वर वर्षं संसार झाला. मी तिला "अगं ए" म्हणत राहिलो, ती मला "अहो". नवराबायकोने एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, सुनेने सासूसासऱ्याचं घ्यायचं नाही, हे आमच्या घरात मी पाळलं आणि पाळायला लावलं. आता लोक ह्याला हसतात. हसोत.

नोकरीसाठी आम्ही महाराष्ट्रातून इकडे मध्य प्रदेशात आलो, कागदाच्या मिलमध्ये. मिलच्या कॉलनीत ती कुणाची काकू, कुणाची वहिनी, हिंदीवाल्यांची भाभी. मुलं झाल्यावर त्यांची आई. तिला नावाने हाक मारणारे म्हणजे तिचे आईबाप आणि एक भाऊ. तिघेही तिच्या आधी गेले. रिटायर झाल्यावर आम्ही बऱ्हाणपूरला लालबागेत दोन खोल्यांचं घर घेतलं, तिथेही ती गल्लीची मावशीच. शेवटी दवाखान्यात सिस्टरने पेशंटचं नाव विचारलं तेव्हा मी तिचं आधार कार्ड पुढे केलं. सिस्टर म्हणाली, बाबा, तोंडाने सांगा ना. मी कार्ड आणखी पुढे सरकवलं.

दहाव्याला तापीच्या घाटावर गुरुजींनी नाव विचारलं आणि मुलाने सांगितलं. मी मागे उभा होतो. माझ्या मनात आलं, हे लोक कुणाबद्दल बोलताहेत? इतकं ते नाव मला ओळखीचं नव्हतं. त्या दिवसानंतर ते कुणी घेतलं नाही.

म्हणून नात झाल्याचा फोन इंदूरहून आला तेव्हा मी मनाशी पक्कं केलं की हिला आजीचं नाव ठेवायचं. नात म्हणजे काही बायको नव्हे. तिला मी खुशाल हाक मारू शकतो. ओट्यावरून मारीन, गल्लीच्या टोकावरून मारीन. जे नाव मला कधी घेता आलं नाही ते घरात दिवसातून दहादा घेतलं जाईल. मला बाकी काही नको होतं. आणि मी विचारलं कुणालाच नाही. घरातलं मोठं माणूस मी, विचारायचं काय?

चांदीची वाटी घेतली आणि इतवाऱ्याच्या बाजारात भांड्यावर नाव घालणाऱ्याकडे गेलो. जाताना पिशवीतून तिचा तांब्याचा गडू नेला. लग्नात तिच्या मामाने दिलेला, त्याच्यावर तिचं नाव घातलेलं आहे. दुकानदार म्हणाला, "नाम बोलो बाबा."

मी गडू फिरवून अक्षरांवर बोट ठेवलं. "ये."

"आगे चि. सौ. कां. भी लिखना है?"

"नहीं. आगे कु. लिख. बच्ची है."

त्याने माझ्याकडे पाहिलं. जुनं नाव आहे, म्हणाला, आजकल कौन रखता है. मी म्हटलं, आम्ही ठेवतो. त्याचं मशीन घरघरलं, त्याने फुंकर मारून चांदीचा भुगा उडवला आणि वाटी माझ्या हातात दिली. पोरीच्या मुठीएवढी वाटी, त्याच्यावर ते नाव. बारशाच्या आधी नाव घालू नये हे मलाही कळतं. पण मला घाई झाली होती.

सव्वा महिन्याने मुलगा, सून आणि नात आले. बारसं इथेच करायचं होतं, मीच हट्ट धरला होता. मुलगा इंदूरला कंपनीत आहे, दिवसभर कॉम्प्युटरपुढे असतो. सून इंदूरचीच, मराठी घरातली, पण त्यांचं आपसातलं बोलणं निम्मं हिंदी. पोरगी गोरीबिरी नव्हती, माझ्यावर गेली होती. कपाळ मात्र तिच्या आजीचं, रुंद.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या चहाला मुलगा म्हणाला, "बाबा, नाव ठरवलंय आम्ही. अथानासिया."

मी म्हटलं, परत सांग. त्याने परत सांगितलं, तुकडे पाडून, मी बहिरा असल्यासारखं. मला उच्चार येत नाही असं कुणी समजू नये. मी चौथीपर्यंत शिकलो, पण मिलमधल्या परदेशी मशीनच्या पाट्या मला पाठ होत्या. मी एका दमात म्हणून दाखवलं. सून हसली. म्हणाली, बाबांना आमच्याआधी जमलं.

मी विचारलं कुठल्या मुलखातलं. ग्रीक, म्हणाला. म्हणजे यूनान. यूनानी मला माहीत आहे, इतवाऱ्यातल्या हकिमाच्या पाटीवर तो शब्द आहे. मी म्हटलं, यूनानी आपल्याकडे औषध घेतात, नाव नाही. मुलगा हसला नाही. त्याने समजावून सांगितलं की सुरुवातीचा 'अ' म्हणजे नाही, आपल्यासारखाच, आणि पुढच्या शब्दाचा अर्थ मरण. जिला मरण नाही अशी.

"म्हणजे अमृता," मी म्हटलं. "मग अमृता ठेव."

"अमृता वर्गात चार-चार असतात, बाबा."

"असू दे की. चौघीही न मरणाऱ्या."

मग तो जरा गरम झाला. म्हणाला, माझ्या नावाचे वर्गात चौघे होते. मास्तरांनी एकाला लंबू केलं, एकाला चष्मा, मला मिलवाला. दहावीपर्यंत मी मिलवाला होतो. माझ्या मुलीचं असं होऊ नये. तिचं नाव घेतलं की ती एकटीच वळून बघेल.

मिलवाला म्हटल्याने काय बिघडलं हे मला आजही कळलेलं नाही. मिलच्या पगारावरच तो शिकला. पण तेव्हा मी ते बोललो नाही. मी सरळ सांगितलं की नाव ठरलेलं आहे, तिच्या आजीचं.

मुलगा म्हणाला, "मला वाटलंच होतं. म्हणून तर हा अर्थ शोधला, बाबा. आई गेली ना. म्हणून न मरणारी."

"अर्थ मला नको," मी म्हटलं. "हाक काय अर्थाने मारतात? मेली तिचं नाव मरू द्यायचं आणि नातीला न मरणारी म्हणायचं, हा कुठला न्याय?"

त्याने फोन काढला. त्या फोनमध्ये नावांची सगळी माहिती असते म्हणे, कुठल्या देशात कुठलं नाव किती चालतं ते. मला पटावं म्हणून तो वाचत सुटला. आपल्या इकडे हे जवळपास कुणालाच नाही. इंग्लंड-अमेरिकेत क्वचित. खुद्द यूनानातही तरुण पोरींमध्ये कमी, म्हाताऱ्या बायकांचं नाव समजतात. घरात छोटं करून नासिया म्हणतात. मी म्हटलं, नासिया म्हणजे आपल्याकडे नासलेलं दूध. तो वाचतच राहिला. "तरीही हे नाव टिकून आहे, कारण तिकडे रीत आहे की नातीला बापाच्या आईचं..."

तिथे तो थांबला.

"वाच की," मी म्हटलं.

त्याने फोन खिशात ठेवला.

"वाच. बापाच्या आईचं काय?"

"नाव ठेवतात," तो म्हणाला. मग हळू आवाजात, "पण ती त्यांची रीत आहे, बाबा."

मी जिंकलो असं मला वाटलं. खरंच वाटलं. यूनानातली माणसं आपल्या म्हाताऱ्यांची नावं पोरींना ठेवतात, म्हणून तर इतक्या लांब बऱ्हाणपुरात ते नाव माझ्या पोराच्या फोनमध्ये येऊन पोचलं. त्यांच्या आजीचं नाव आमच्या पाळण्यात येणार आणि आमच्या आजीचं घाटावर राहणार. हे मी बोलूनही दाखवलं.

उत्तर सुनेने दिलं. ती पोरीला मांडीवर घेऊन बसली होती, पदर सावरून, मान खाली. आवाज चढवला नाही.

"बाबा, एक विचारू? लग्नाच्या पहिल्या वर्षी माझ्या मैत्रिणीने फोनवर सासूबाईंचं नाव विचारलं आणि मी सांगितलं. तुम्ही जेवत होता. तुम्ही ताटावरून उठलात."

मला आठवत होतं. उठलोच होतो. चार माणसांत सुनेने सासूचं नाव घेतलं तर मी आजही उठेन.

"दोन दिवस तुम्ही माझ्या हातचं जेवला नाहीत," ती म्हणाली. "त्या दिवसापासून मी ते नाव एकदाही घेतलं नाही. मग आता माझ्याच मुलीला मी हाक कशी मारू?"

मी म्हटलं, पूर्वी अशा पोरींना आया दुसऱ्या नावाने हाक मारायच्या. कुणी बाळी म्हणायचं, कुणी ताई. बाहेर एक नाव, घरात एक.

"म्हणजे आई घेणार नाही. बाप ऑफिसात. तुम्ही इथे, आम्ही तिथे. मग ते नाव घेणार कोण?"

हे ती टोमणा म्हणून बोलली नाही, खरंच विचारत होती. मी कपबशी उचलली आणि ओट्यावर जाऊन बसलो. तिचं चुकलं नव्हतं, आणि माझंही चुकलं नव्हतं. त्यामुळेच मार्ग निघत नव्हता.

पण मी हार मानणारा नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा असतो. बाळाच्या कानात ती जे सांगेल तेच नाव, बाकी मग कागदावर काय लिहायचं ते लिहा. आमची मुलगी तापीपलीकडे जैनाबादेत दिली आहे, केळीवाल्यांच्या घरात. बारशाच्या आदल्या दिवशी मी टेम्पोने पूल ओलांडून तिच्याकडे गेलो. ती केळीच्या पानांचा गठ्ठा बांधत होती, आमच्याकडच्या पंगतीसाठीच. मी तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, कानात आईचं नाव सांग. मोठ्याने काय म्हणायचं ते म्हण, मला चालेल. कानात मात्र तेच.

तिने गठ्ठ्याची गाठ मारली. "बघू," म्हणाली.

मुलगी बघू म्हणाली म्हणजे हो म्हणाली, असं मी धरून चाललो. तिच्या आईचंही बघू तसंच असायचं.

बारशाला गल्लीतल्या बायका जमल्या. आतल्या खोलीत पाळणा बांधला होता. आधी वरवंट्याला टोपरं घालून पाळण्याखालून वरून फिरवला. बायकोचाच वरवंटा, एका अंगाने झिजलेला, कारण ती तिरपं वाटायची. त्या दगडाला टोपरं घातलेलं पाहून बायका हसत होत्या. मग पोरीला तसंच फिरवलं, कुणी गोविंद घ्या म्हणतंय, कुणी गोपाळ घ्या. आत पुरुषांचं काम नसतं. मी ओट्यावर दाराला टेकून बसलो होतो, वाटी सदऱ्याच्या खिशात. ठरवलं होतं की आत्याने कानात सांगितलं की उठायचं आणि सगळ्यांसमोर वाटी पोरीच्या उशाशी ठेवायची. मग कुणाला काय म्हणायचं ते म्हणू दे.

मुलगी पाळण्यावर वाकली. मला तिची पाठ दिसत होती. बायकांनी कुर्रर्र केलं आणि तिच्या पाठीत धपाटे घातले, तो आवाज सगळ्या घरात घुमला. कानात काय सांगितलं ते मला कळायचा प्रश्नच नव्हता. मग ती ताठ उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "अथानासिया." मध्ये एकदा अडखळली. एका म्हातारीने विचारलं, काय गं? तिने पुन्हा सांगितलं. म्हातारी म्हणाली, असू दे बाई, आम्ही आपली चिमणी म्हणू. सगळ्या हसल्या आणि घुगऱ्या वाटायला लागल्या.

मी उठलो नाही. कानात काय सांगितलं ते आधी मुलीला विचारायचं होतं.

जेवणं झाली. मावा जलेबी सगळ्यांना आवडली, मुलाने खास मागवली होती. तो मला येऊन म्हणाला, बाबा, रागावलात का? मी म्हटलं, जलेबी चांगली आहे. ऊन कलल्यावर जैनाबादची माणसं निघाली. मुलगी चप्पल घालायला ओट्यावर आली तेव्हा आम्ही दोघंच होतो. मी विचारलं.

"तेच सांगितलं, बाबा," ती म्हणाली. "जे मोठ्याने म्हटलं तेच."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"पोरीच्या कानात पहिल्यांदा खोटं सांगू?"

"खोटं? तुझ्या आईचं नाव खोटं?"

ती चप्पल घालायची थांबली. माझ्या शेजारी बसली. तिच्या अंगाला हळदीचा आणि केळीच्या पानांचा वास येत होता.

"लहानपणी मी आईला विचारलं होतं," ती म्हणाली. "म्हटलं, आई, तुझं नाव तुला आवडतं का गं? कपडे पिळत होती. म्हणाली, कोण घेतं ते, आवडायला?"

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"रागाने नाही म्हणाली," मुलगी म्हणाली. "सहज म्हणाली. पुढचा कपडा उचलला."

तिच्या नवऱ्याने गाडीवरून हाक मारली. तिला काही बोलायचं होतं असं वाटलं. मी म्हटलं, जा, उजेड आहे तोवर पूल ओलांडा. ती पाया पडली आणि गेली.

मुलगी अशी बोलली ह्याचा मला राग यायला हवा होता. आला नाही. तिची आई कपडे पिळताना तसंच बोलायची, मान न वळवता. कॉलनीतल्या नळावर ती माझ्या समोर हजार वेळा कपडे पिळत बसली असेल. तिला नाव आवडतं की नाही हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. सुचलं असतं तरी विचारताना ते नाव घ्यावं लागलं असतंच असं नाही. तुझं नाव, एवढं म्हणता आलं असतं. त्यासाठी कुठलीही रीत मोडावी लागत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी रडायला लागली तेव्हा सून न्हाणीत होती आणि मुलगा दूध आणायला गेला होता. मी पाळण्यापाशी गेलो. घरात ऐकणारं कुणी नव्हतं. मी वाकलो आणि तिच्या आजीचं नाव घ्यायला तोंड उघडलं. अक्षरं मला माहीत होती, गडूवर आहेत, वाटीवर आहेत. पण जीभ हलेना. जी गोष्ट कधी केलीच नाही ती शहात्तराव्या वर्षी एका सकाळी कशी येणार? दोनदा प्रयत्न केला. मग तोंडातून आलं ते, "अगं ए."

पोरगी रडतच राहिली. सून ओल्या केसांनी धावत आली, "अथू, अथू" करत तिला उचललं आणि ती लगेच गप्प झाली.

मी सदरा घातला, वाटी खिशात होतीच. चालत इतवाऱ्यात गेलो. दुकान उघडलं नव्हतं, पायरीवर बसून राहिलो. दुकानदार आला, त्याने शटर वर केलं, मला ओळखलं. मी वाटी त्याच्यासमोर ठेवली आणि म्हटलं, नाम घिस दे.

त्याने वाटी उजेडात धरली. म्हणाला, चांदी पातळ आहे, खळगा राहील, बोट फिरवलं तर कळेल. मग विचारलं, "इसकी जगह क्या लिखना है?"

"कुछ नहीं," मी म्हटलं.

त्याने मशीन सुरू केलं. मी काउंटरला धरून उभा राहिलो आणि शेवटचं अक्षर जाईपर्यंत बघत राहिलो.